कारणाचा रकाना

आंकूदच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात
पगार कुणालाच नाही, सायरन सगळ्यांना.
मी चिटणीस. बावीस वर्षं वही माझ्या हातची.
तीत बायका सापडतील
सोडतीच्या तिकिटांपाशी, एम्पनाडांच्या हिशेबात,
आणि एकदा, ‘आभार’ या शब्दाखाली.

नेलिदा वैकिन भरती झाली
तेव्हा तिच्या मापाचे बूट नव्हते.
दोन लोकरी मोजे चढवून ती शिडी चढली.
बैठकीत म्हणाली,
पाय माझे बरोबर आहेत, बूट चुकलेत.
म्हातारा बाल्तासार खोकला.
मी ते वाक्य वहीत घेतलं नाही.

मग जूनमधली गारठ्याची ती रात्र.
फोनवर कुजबुज: नेलिदाला पाठवा.
आग कुठं लागलीय?
बाई गप्प. मग म्हणाली, स्वयंपाकघरात,
आणि तिच्यामागं काहीतरी फुटलं.

गाडी निघाली. पोलिसांना मी कळवलं.
धूर नव्हता. चूल केव्हाची विझलेली.
दारात सहा हेल्मेटं, लाल दिवा फिरतोय,
आणि नवरा
हातातला पट्टा ठेवायला जागा शोधतोय.
नेलिदा बाईशेजारी जमिनीवर बसली,
ते मोठे बूट काढून.

पुढच्या बैठकीत बाल्तासार म्हणाला,
नियमात फक्त आग आहे.
नियम आपणच लिहिलेत ना, पोरं म्हणाली.
रात्री साडेबारापर्यंत भांडण.
शेवटी ठराव: असा फोन आला तर जायचं.
आणि छत्तीस नंबरचे बूट, चार जोड.
बाल्तासारचा हात सगळ्यांत उशिरा वर गेला,
पण गेला.

घरी येऊन मी वही उघडली.
कारणाच्या रकान्यात ‘आग’ लिहिलं होतं.
खोडलं नाही.
जुनं पान काढून समासात
ते बुटांचं वाक्य लिहिलं.
शाई वेगळी दिसते. दिसू दे.