कार्डाची मागची बाजू

गुरुवारी संध्याकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत
आम्ही चौघं जमतो, हीटर लावून.
त्याची एक दांडी पेटते, दुसरी कधीच नाही.
चॅपल विकलं गेलंय. मार्चनंतर
प्रवचनाच्या कठड्यापाशी, म्हणे,
कुणाचं तरी न्हाणीघर होणार.

तोवर हे खोकं उपसायचं.
झेफनाया ट्रेम्बाथ, जोडे शिवणारा,
त्यानं गावातून वेचलेले शब्द,
बुटांच्या खोक्यात, एका कार्डावर एक.
पुढे शब्द, मागे अर्थ.

वाचतो मी. चाळीस वर्षं टपाल वाटलंय,
कुणाचंही अक्षर मला लागतं.

व्हील: चाक नव्हे. खाण.

एमेट: मुंगी. तसंच उन्हाळ्यात येणारी माणसं.
पेट्रॉक हसतो, पण जरा बेतानंच;
त्याच्या बहिणीनं घर त्यांनाच विकलंय.

ड्रेक्ली: 'आलोच.'
आणि खाली, बारीक अक्षरात:
असं म्हणणारा अजून आलेला नाही, असं समजावं.

टाउझर: गोणपाटाचा ॲप्रन.
खाणीच्या तोंडाशी दगड फोडणाऱ्या बायका बांधत.

इथे लव्हडे अँगोव्ह हात वर करते,
वर्गात करावा तसा. एक्याण्णव वर्षांची.
माझ्या आजीचा होता, म्हणते.
तिच्या मनगटावर हातोड्यानं आणलेली गाठ होती,
आम्ही पोरं ती दाबून बघायचो.
ती गेल्यावर टाउझरचं आम्ही
फरशी पुसायचं फडकं केलं.
केरेन्सा लिहून घेते: फडकं.
मग खोडते.

मला आई आठवते. ती शाळेत शिकवायची.
'नीट बोल,' घरीदारी एवढंच.
पण संतापली की तीही घसरायची,
थेट बंदरावर, मासळीच्या टोपल्यांमध्ये.
ती संतापावी म्हणून
आम्ही काय काय फोडलं असेल.

दोनशे बारावं कार्ड. स्मीच.
मागे कोरं.
एक तेलाचा डाग, बाकी काही नाही.

धुकं असेल, पेट्रॉक म्हणतो,
समुद्रावरून चढतं ते, कपडे वाळू न देणारं.
केरेन्सा फोन खिडकीशी धरते;
ग्रॅनाइटच्या भिंती, रेंज नाही.
मी म्हणतो, कुणाचं टोपणनावही असेल.
लव्हडे जीभ फिरवते हिरड्यांवरून.
मला ठाऊक होता हा, म्हणते. तोंडातला होता.
नवी कवळी बसवल्यापासून
काही शब्द सापडेनासे झालेत.

तेवढ्यात ती दुसरी दांडी पेटली.
किती वर्षांनी, कोण जाणे, आपण होऊन.
लव्हडेचा ओला हातमोजा तिच्यावर वाळत होता,
लोकरीचा, तिनंच विणलेला.
आधी वास आला, मग धूर.
'अरे बाबांनो, केवढा हा स्मीच!'
खुर्चीतून अर्धी उठलेली ती,
'बघत काय बसलात? उचला तो मोजा!'

आम्ही मात्र तिच्याकडेच बघत होतो.
तिला कळलंच नव्हतं ती काय बोलली.
मोज्याचा अंगठा गेला.

केरेन्सानं पेन उचललं, टोपण काढलं,
आणि परत लावलं.
करपल्याचा वास, एवढं लिहिलं असतं तर चाललं असतं.
पण जळकी लोकर, वर्षांची धूळ,
आणि हिरड्यांतून सुटलेली ती हाक,
कार्ड केवढं, पोस्टकार्डाच्या निम्मं.

लव्हडेला दारापर्यंत मी सोडलं.
बंदराच्या रस्त्यावर चाळीस दारं,
जानेवारीत दिवे अकरा.
बाकीच्या चौकटींना चाव्यांच्या छोट्या पेट्या,
आकडे फिरवून उघडतात त्या.
माझ्या वेळी प्रत्येक दारामागे
एक कुत्रं होतं, मला त्याचं नाव माहीत होतं.

'तेवढं कार्ड लिहशील ना?'
उरलेला मोजा खिशात कोंबत तिनं विचारलं.

ड्रेक्ली, मी म्हटलं.

ती हसली नाही.
'मार्चच्या आत,' म्हणाली,
आणि आतून कडी लावली.