वर्धा रोडचा समुद्र

वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे,
शेषराव उमाठेंनी समुद्र काढला.
तीनदा नगरसेवक, इतवारीत लोखंडाचं दुकान.
रेती कन्हानची,
नारळाची झाडं आंध्रातून ट्रकनं, उभीच्या उभी,
आणि दर अर्ध्या तासाला लाट,
जी मी सोडायचो पंपघरातून, भोंगा वाजवून.

खरा समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, गणपतीपुळ्याला.
दुसऱ्याच दिवशी परतले.
"लय आवाज करते बे," म्हणाले,
"अन् बंद करता येत नाही."

तिकीट दीडशे. नवी जोडपी,
कामठीची, उमरेडची पोरं
चड्डीत रेती घेऊन घरी जाणारी.
फाटकावर पाटी:
विदर्भाला समुद्र मिळालाच पाहिजे.

मग तो मे.
वॉर्डात नळ सातव्या दिवशी, तोही करंगळीएवढा.
बाया गुंड घेऊन थेट फाटकाशी.
कुणी ओरडलं नाही.
बेबीबाई मेश्राम एवढंच म्हणाली,
"भाऊ, लाट केवढ्याले पडते?"

शेषराव पंपघरात आले.
"व्हॉल्व खोल."
"साहेब, क्लोरीन आहे त्यात..."
"धुण्याले चालते. खोल."

रात्रभर टँकर भरत होते.
पहाटे तळ दिसला, निळा, उतरता;
एक पैंजण, तीन चष्मे,
कुणाची तरी अर्धी कवळी.
चपलेसकट ते मधोमध उतरले.
"इतकाच खोल होता?"
"छातीपर्यंत, साहेब."

वाकून त्यांनी पैंजण उचललं, खिशात टाकलं,
घड्याळ पाहिलं,
आणि अर्धा तास झाला म्हणून, सवयीनं,
माझ्या भोंग्याची वाट बघत थांबले.