दोन नंबर अजून रिकामा

प्रज्वलनं गोकाकहून फोनवर विचारलं,
मामा, वंदनेदु यावदु?
म्हणजे एक नंबरला कुठला.
त्याची यादी वहीत तयार आहे, स्केचपेननं,
सगळी कार्टून दोन वर्षांच्या आतली.
मी म्हटलं, थांब, पाचपासून येतो.
वरून सुरू केलं की माणूस खोटं बोलतो.

पाच.
समुद्र बघायला निघालेला दिव्याचा खांब.
गोष्ट पातळ, गाणी नको तितकी.
पण तो वाकून चालतो आणि त्याचा उजेड
आधी पुढं जाऊन रस्ता तपासून येतो.
एवढ्यासाठी पाच. याहून वर नाही.

चारला देवमासा.
आमच्याकडं तो कन्नड बोलतच आला,
गुंडू बिर्जेच्या केबलवर, दुपारी तीनला,
त्यामुळं माझ्यासाठी आधी तिमिंगिल
आणि कधीतरी नंतर देवमासा.
सहावीला कन्नडच्या पेपरात ‘आवडता प्राणी’ आला.
अख्ख्या वर्गानं हसु लिहिली. गाय, चार पाय, दोन शिंगं.
मी तिमिंगिल लिहिला. पाय नाहीत.
होसमनी बाईंनी दहात सात दिले
आणि कान धरून विचारलं, एल्लि नोडिदि?
कुठं पाहिलास?
मी म्हटलं, घरात.

तीनला मातीचा कोल्हा.
त्याच्या गालावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा,
दर क्षणाला थोडा सरकलेला,
म्हणजे कोल्हा हसतो तेव्हा
हसवणाऱ्याचं बोट दिसतं.
तुझी आई म्हणते हा एक नंबर.
शैलाचं काय सांगायचं,
गोकाकात राहून करदंट घरी करते ती.
यावरून आम्ही एकदा आठ दिवस बोललो नव्हतो,
हे तुला कुणी सांगणार नाही.

दोन रिकामा.
खूपदा कुणालातरी आणून बसवला,
दुसऱ्या दिवशी तोच उठून गेला.

एक.
नाव माहीत नाही. खरंच नाही,
सुरुवातीची रीळ तुटलेली होती.
वडगावातला आमचा बोळ, गणपतीचा सहावा दिवस,
माग बंद, म्हणून कानात एक विचित्र पोकळी.
पडद्याला व्यापाऱ्यानं परत केलेलं लुगडं,
कोरं, आडवं बांधलेलं,
मधोमध एक ताणा तुटलेला.
त्यावर नुसती पेन्सिल. एक नावाडी. एक बगळा.
रेघा थरथरायच्या, जणू काढणाऱ्याला थंडी वाजत होती.
बगळा रोज नावेत बसतो, पैसे देत नाही,
नावाडी रोज त्याला पैसे मागतो,
बस, एवढंच.
आणि तुटलेल्या ताण्याची ती रेघ
नदीच्या पाण्याला अशी लागून गेली
की पाणी पिक्चरातलं होतं की कापडातलं
मला आजही सांगता येत नाही.
नंतर खूप शोधला. मिळाला तरी
तो पाण्याशिवायचा निघेल, अशी भीती आहे.

आप्पा सगळ्यांच्या मागं उभे होते,
भुवयांवर आदल्या पाळीचा कापूस.
कार्टून त्यांनी त्याआधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.
संपल्यावर लुगडं सोडवताना म्हणाले,
एवढी चित्रं कुणी काढली?
मग घडी घालता घालता,
वाराला काय देत असतील?

उत्तर द्यायला मला अकरा वर्षं लागली.
आप्पा, सेकंदाला चोवीस चित्रं.
दीड तासाचा पिक्चर.
त्यांनी पेरांवर मोजलं, ओठ हलवत,
मला कॅल्क्युलेटर काढू दिला नाही.
एक लाख एकोणतीस हजार सहाशे.
बराच वेळ बघत राहिले समोर,
जिथं माग होता आणि आता फ्रिज आहे.

उभ्यानं काढली की बसून?
बसून, आप्पा.
मग कंबर गेली असंल बिचाऱ्यांची.