तपकिरी मीठ

पूर्व टेनेसी, १८६२

त्या वर्षी आमच्या खोऱ्यात मीठ मिळेनासं झालं.
दरीत एक झेंडा, डोंगरापल्याड दुसरा,
मीठ दोन्हीकडून येईना.
डुक्कर कापण्याजोगी थंडी पडली
आणि आई दारात उभी राहून
उरलेल्या एका डुकराकडे
पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत राहिली.

मग तिनं कुदळ घेतली.
धुराच्या खोलीत, जिथं बाबांनी
सोळा हिवाळे मांसाच्या मांड्या टांगल्या होत्या,
तिथली जमीन काळी, तेलकट, टाचेला चिकटणारी.
"इतकं ठिबकलंय इथं," ती म्हणाली,
"जाऊन जाऊन कुठं जाईल?"

मी बादल्या वाहिल्या. मी अकरा वर्षांची होते.
हिकरीचे कोळसे निघाले, एक गंजका आकडा,
आणि लाकडी घोड्याचा एक पाय,
ज्यावरून ओबेद आणि लेम्युएल
एकदा नाकातून रक्त येईस्तोवर भांडले होते.
तू तोडलास. तू लपवलास.
खरं कुणाचं, ते राहूनच गेलं.
आईनं तो पाय पुसून खिडकीत ठेवला.

ओबेद ऑगस्टमध्ये रात्रीचा निघून गेला होता
डोंगर चढून केंटकीला, निळ्या डगल्यांकडे.
लेमला ऑक्टोबरात मक्याच्या शेतातून उचलून नेलं,
त्याच्या हातात तेव्हा कणीस होतं.
बाबा युद्धाच्या आधीच तापानं गेले,
म्हणून ते कुठल्या बाजूचे
हे कुणाला ठरवता आलं नाही.

पेंढ्यातून माती गाळली, तीन दिवस पाणी आटवलं.
कढईच्या काठाला जे धरलं
त्याला मीठ म्हणवेना.
तपकिरी. धुराचा वास. दाताखाली कचकच.

तिसऱ्या दिवशी कॅप्टन आला, ओबेदचा ठावठिकाणा विचारत.
म्हणाला, माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं, बाई.
आईनं ढवळणं थांबवलं नाही.
मग पळी त्याच्यापुढं धरली:
"घ्या. चाखून सांगा,
यातलं तुमचं कुठलं."

त्यानं चाखलं नाही.
जाताना डुक्कर घेऊन गेला.
मग आमच्याकडे मीठ होतं
आणि ते लावायला काही नव्हतं.

बाबांच्या सदऱ्याच्या बाह्या कापून
आईनं दोन पुरचुंड्या शिवल्या.
दोन्ही काळ्या दोऱ्यानं. घरात तोच होता.
एक खेचरवाल्या फेरीवाल्याबरोबर दक्षिणेला,
दुसरी, डोंगरवाटा जाणणाऱ्या पेलेगमामाच्या बुटात.

चौसष्टच्या शरदात पत्र आलं,
लेमच्या तुकडीतल्या कुणा परक्याचं.
पेन्सिलीनं लिहिलेलं.
"तुमचं मीठ आम्ही सहा जणांनी खाल्लं,
भाजल्या मक्यावर. चव वाईट होती.
देव तुमचं भलं करो."
उरलेलं त्याखाली एका ओळीत होतं.
ती ओळ मी वाचली नाही. आईला वाचता येत नव्हतं.
ती म्हणाली, "कळलं. घडी कर."

पुढच्या जूनमध्ये ओबेद आला. चालत,
डावा खांदा जरा खाली गेलेला.
कुठल्या लढाया, कुठल्या नदीकाठी,
समोर कोण होतं,
आम्ही विचारलं नाही. तो थांबला असता तरी
आम्ही विचारलं नसतं.
धुराच्या खोलीत गेला आणि खड्ड्यात अडखळला.
खड्डा आम्ही बुजवला नव्हता.

जेवायला बसल्यावर त्यानं पुरचुंडी काढली.
शिवण तशीच.
आतलं मीठ दगड झालेलं, दमट हवेनं घामेजलेलं.
"उघडवली नाही," म्हणाला.
आईनं दातानं दोरा तोडला,
मुसळीनं खडा फोडला, उकडल्या बटाट्यांवर टाकला.
आम्ही खाल्लं.
कचकच तिघांच्याही तोंडातून ऐकू येत होती.

मग त्याची नजर खिडकीकडे गेली.
उठला, तो लाकडी पाय हातात घेतला,
अंगठ्यानं तुटलेली कड बराच वेळ चाचपली.

"मीच तोडला होता," तो म्हणाला.

आई म्हणाली, "बस.
बटाटे गार होतायत."