टपाल हशील निराळे

मुगभाटातल्या छापखान्यात
खिळे जुळवतो मी, उलटे:
जीर्णज्वर, पटकी, मूळव्याध, उगाच भरणारी धडकी,
सगळ्यांवर एकच बाटली. किंमत दीड रुपया.

आत काय, विचारलं एकदा.
कावसशेट हसले, "बडीशेप, चिमूटभर अफू,
बाकी विहार तलाव."

जाहिरातीखाली गुण आलेल्याचं पत्र लागतं.
या खेपेला नाव सुचेना.
हात आपसूक 'ध'च्या खणात गेला:
धाकू हरबाजी, वय एकोणीस, फणसवाडी.
'तीन दिवसांत खडखडीत बरा झालो.'

धाकू माझा भाऊ.
शिमग्याआधीच गेला.
बाटली अर्धी उरली होती.

आता दर शनिवारी तो बरा होतो.
आईला वाचता येत नाही.
अंकावर बोट ठेवत विचारते,
इथे?
नाही. जरा खाली.