बारा

स्पिरिट बदलताना चव्वेचाळीस नंबरची बरणी
हातातून निसटता निसटता वाचली.
चिठ्ठीवर लोणकर मामांचं अक्षर: धामण ?
धामण शाईनं, प्रश्नचिन्ह शिसपेन्सिलीनं,
कुणाला त्रास नको म्हणून बारीक.

एकतीस वर्षं प्रॅक्टिकलला
पोरांनी हिला धामण म्हटलं, पाचपैकी पाच घेतले,
नोकऱ्यांना लागली.

मामा आले होते लक्ष्मी रस्त्यावरच्या बँकेत,
हयातीचा दाखला द्यायला. तिथून इकडे.
ट्रेमध्ये साप बघितला आणि चष्मा पुसला.
निळी दिसते, पण निळी नव्हती ही, म्हणाले,
हिरवी असणार. पिवळा तेवढा स्पिरिट पिऊन टाकतं.

टाचणी घेतली. पोटाच्या कडेपासून
तिरकं वर चढत, पाठीवरून पलीकडे उतरत
खवल्यांच्या रांगा मोजल्या.
बारा.
मी मोजल्या. बारा.
मधेच शिपाई चहा ठेवून गेला, म्हणून पुन्हा. बारा.

असं कसं, मी म्हटलं, विषम पाहिजेत.
नानेटीच्या एकोणीस, कवड्याच्या सतरा,
मण्यारची तर मधली रांग षटकोनी, ठसठशीत,
घराला आढं असावं तशी.
हिला आढंच नाही.
दोन्ही बाजू वर आल्यात
आणि पाठीवर एकमेकींना नुसत्या टेकल्यात.

जाड पुस्तकात सापडली. कायरोनियस.
दक्षिण अमेरिका. झाडावरची, मोठ्या डोळ्यांची, बेडूक खाणारी,
तिकडे म्हणे वेलीच्याच नावानं ओळखतात.
पुण्यात कशी आली?
आवक वहीत लिहिलंय: देणगी.
देणाऱ्याचं नाव कसरीनं खाल्लंय.

तेवढ्यात खाली भोंगा.
मामा, तुमची कायनेटिक कुठल्या बाजूला?
सम.
आज तेरा तारीख.
मामा जिन्यावरून ज्या वेगानं उतरले
तो हयातीचा दाखला बँकेनं बघायला हवा होता.

पावती घेऊन वर आले, धापा टाकत.
या गावात सम असणं महागात पडतं, एवढंच बोलले
आणि नवी चिठ्ठी लिहायला बसले.
गोत्र कळलं, नाव नाही;
कायरोनियस, शाईनं.
मग खिसे चाचपत राहिले
शिसपेन्सिलीसाठी.

माझ्याकडे होती. दिली.