दोन फळांचा तक्ता

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, पुरुष वॉर्डाच्या भिंतीवर
मला एक तक्ता लावायचाय. वरून पत्र आलंय :
‘स्थानिक फळे, तुलनात्मक माहिती, रुग्णांस समजेल अशा भाषेत.’
स्केचपेन दोन. हिरवा, आणि संपत आलेला लाल.

डावीकडे सीताफळ, उजवीकडे मोसंबी.
उष्मांक : याचे शंभराच्या आसपास, तिचे निम्म्याहून कमी.
सी जीवनसत्त्व : तिच्यात जास्त. याच्यातही बरंच,
पण सर्दी झाली की याचं नाव कुणी घेत नाही.
चोथा : दोघांतही,
मोसंबीचा रस काढून तो टोपलीत टाकला नाही तर.
साखर :
इथं पेन जरा थांबतो.

गेटसमोरच्या गाड्यावर हमीदाबी बागवान.
दवाखान्यात येणारा माणूस मोसंबीच घेतो, ती सांगते,
अर्धा डझन, आरपार दिसणाऱ्या पिशवीत, म्हणजे आणल्याचं दिसतं.
मोसंबी थांबते. पाहुणा गेला, पेशंट झोपला,
तरी आठ दिवस खाटेशेजारी कळ काढते.
सीताफळाचं तसं नाही बाई.
डोळे उघडले की आज पाटीत, उद्या घरात, परवा माशांच्या तोंडी.
त्याला वेळेवर भेटावं लागतं.

मी बदनापूरकडची. आमच्या बागेला हिवाळ्यात ताण देत.
पाणी बंद. पानं गळेपर्यंत झाड तहानेत उभं.
मग पाणी सोडलं की घाबरून फुलायचं.
लहानपणी मला वाटे, बाबा विसरले.
एका वर्षी खरंच पाणी नव्हतं.
तो ताण तुटलाच नाही.
टँकर दिवसाआड, मग आठवड्यानं, मग करवत.
दोनशे चाळीस झाडं. लाकूड आतून पिवळं निघालं.

इकडे धारूरच्या घाटात सीताफळीला पाणी घालताना
मी अजून कुणाला पाहिलं नाही.
शेळीसुद्धा तोंड लावत नाही, पाला कडू.
दगडातून येते, कुणाचीच नसते,
दिवाळीच्या आधी बाया पाट्या भरभरून खाली आणतात.
बी कुटून केसांना लावतात, उवा मरतात.
डोळ्यात गेलं तर डोळा जातो.
हेही लिहायचं का, समजेल अशा भाषेत?

सात नंबरच्या खाटेवर निवृत्ती केकाण, घाटातल्याच एका वाडीचे.
साखर दोनशे ऐंशी.
“मॅडम, अर्धं खाल्लं तर?”
मी म्हणते, मोसंबी खा. चार फोडी. रस नको.
ते चार खातात, मोजून, गोळ्या घ्याव्यात तशा.
“बरी आहे,” म्हणतात. “पण हिला मोजता येतं.
मोजून खायचं म्हणजे औषधच की.”

मग सांगतात, लहानपणी सुगीभर
ते आणि त्यांची बहीण कौसा, दोन्ही वेळ सीताफळावर.
बांधावर बसून बिया थुंकायची शर्यत.
कौसा जिंकायची.
मी हळूच विचारते, “घरात दुसरं काही नसायचं?”
“भाकर असायची की! कोण खातंय.”

तक्ता संध्याकाळी लावला. चिकटपट्टीचे चार तुकडे.
खाली जागा उरली, म्हणून एक रकाना वाढवला : ‘पाणी’.
फळात किती, ते पुस्तकात सापडलं.
फळाला किती, ते नाही.
तेवढं कोरं सोडलं.

निघताना हमीदाबीनं हातावर एक सीताफळ ठेवलं,
पैसे घेतले नाहीत. “उद्यापर्यंत राहायचं नाही ते.”
स्टँडवर उभ्यानंच फोडलं.
बोटं चिकट, पर्सची चेन उघडेना,
आणि केजची गाडी लागली तेव्हा तोंडात बी.
आजूबाजूला बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं.
मग जरा मागं झुकून, सगळा जोर लावून –

फार लांब नाही गेलं.
कौसा जिंकली असती.